पिल्लू आणण्याआधी भिंत बघा

गोव्यात कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं ठरलं की वाटी, पट्टा, दोरी, अंथरायला जुनी चादर हे सगळ्यांना सुचतं. वाटी स्टीलची घ्या, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जाऊ द्या, झालं. आधीच्या कुत्र्याच्या वेळी राहून गेली ती गोष्ट वेगळी होती आणि ती कुठल्याच यादीत नव्हती, म्हणून इथे तिला पहिला मान. भिंत. गोचिडीचं औषध तर कुत्र्याला लागतंच, त्याबद्दल पुढे येईल. पण गोचीड कुत्र्याच्या अंगावर फक्त जेवायला येते. तिचं बिऱ्हाड भिंतीत असतं.

आपल्याकडे कुत्र्यावर बहुतेक वेळा सापडते ती तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते. पहिल्या दोन वेळा पोट भरलं की गळून पडते, फटीत शिरून कात टाकते आणि पुन्हा कुत्रा शोधायला निघते. तिसऱ्या वेळी मादी तुरीच्या दाण्याहून मोठी फुगते, खाली पडते, भिंत चढते आणि एखाद्या सांध्यात हजारोंनी अंडी घालून मरते. हिला रानाची गरज नाही, सगळा जन्म घरातच निघतो. उपाशी असली तरी महिनोन्महिने दम धरते. आधीचा कुत्रा गेल्यावर दोन वर्षं घरात कुत्रा नव्हता, पण रस्त्यावरचे दोघे-तिघे रोज पायरीवर झोपत होते, तर भिंत रिकामी आहे असं समजू नका.

त्यात गोव्याचं घर. चिरा म्हणजे मुळातच भोकांचा दगड. गिलावा न केलेला गडगा (दगडी कुंपणभिंत), बाल्कांवातल्या म्हणजे दारासमोरच्या ओसरीवरच्या सोप्यांचे (बसायच्या कट्ट्यांचे) सांधे, दाराच्या चौकटीमागची फट, वासे जिथे भिंतीवर टेकतात ती जागा, या सगळ्या तिच्या आवडीच्या जागा आहेत, आणि हवा जवळजवळ बारा महिने दमट. पणजीजवळच्या पर्वरी-ताळगावच्या नव्या फ्लॅटवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. फरशीची पट्टी, विजेच्या बोर्डाची कड, पडद्याच्या चुण्या, पार्किंगचे खांब, तिथेही तेच.

म्हणून पिल्लू यायच्या निदान सात आठवडे आधी कामाला लागा. भिंतीला टेकलेलं सगळं हलवा: कुंड्या, लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, जुने पत्रे, पोती. पालापाचोळा झाडून अंगणापासून लांब न्या. घरातल्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. कपाटात ठेवलीत तर गोचिडींना नवं घर मिळालं. मग सांधे आणि भोकं सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. कुत्रा जिथे बसणार-झोपणार तिथून सुरुवात करा आणि कमरेपर्यंत येऊन थांबू नका. गोचीड वर चढते. छपराखालची कड, खिडकीचा वरचा कोपरा आणि भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू टॉर्च लावून बघा.

त्यानंतर फवारणी. ती कीटकनियंत्रणाचं काम करणाऱ्याकडून करून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा की झुरळांसाठी नको, गोचिडींसाठी हवी. नाहीतर तो स्वयंपाकघरात मारून निघून जाईल आणि गडगा तसाच राहील. औषध पूर्ण सुकेपर्यंत मांजर आत नको, माशांची टाकी झाकलेली आणि तिचा पंप बंद. आता महत्त्वाचं: फवारणीने अंडी मरत नाहीत. ती हवामानानुसार दोन ते पाच आठवड्यांत फुटतात. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी तिसरी. पहिलीनंतर घर स्वच्छ वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो. थांबू नका. तिन्ही तारखा आजच कालनिर्णयवर लिहून टाका.

आता पिल्लू कुठलं. गावठी घ्या, आमचं मत सरळ आहे. आखूड केस, सडपातळ अंग, ही हवा सोसणारं शरीर. कुडचड्याच्या गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्टसारख्या संस्थांकडे आणि उत्तर गोव्यात बार्देशातल्या निवाऱ्यांत पिल्लं घराची वाट बघत असतात. हस्की, सेंट बर्नार्ड यांची जाड लोकर बर्फासाठी आहे. एप्रिल-मेच्या घामट दुपारी त्यांचे हाल बघवत नाहीत. पग आणि बुलडॉग यांचं नाक इतकं आत दबलेलं असतं की धापा टाकून अंग थंड करणंच त्यांना जमत नाही. जातिवंतच हवा असेल तर आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या. आठ आठवड्यांखालचं पिल्लू २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विकता येत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी भावंडांत राहून दात किती लावायचे हे शिकायचं वय तेच असतं.

निवडताना हिरड्या गुलाबी, डोळे कोरडे, शेपटीखालची जागा स्वच्छ असावी. अंग बारीक आणि पोट मात्र घागरीसारखं असेल तर जंत आहेत. तो नकार देण्याजोगा दोष नाही. पांढुरक्या हिरड्या मात्र डॉक्टरला दाखवल्याशिवाय घरी नेऊ नका. कानाची पाळी उलटून आत बघा, पंजाच्या बोटांमध्ये बघा, मानेखाली बोट फिरवा.

पिल्लू गाडीतून थेट घरात न्यायचं नाही. घर इतके आठवडे खपून साफ केलंय, त्यात पहिल्याच दिवशी चार गोचिडी आणून सोडायच्या नाहीत. बाहेर पांढऱ्या चादरीवर ठेवून डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. पिरगळू नका. रॉकेल, तेल, पेटती उदबत्ती काही नको. नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. चादर गरम पाण्यात.

औषधाचं. आठ आठवडे पूर्ण आणि वजन दोन किलो झालं की महिन्याची चघळायची गोळी डॉक्टरला विचारून सुरू करता येते. पुडे वजनाप्रमाणे येतात आणि पिल्लू झरझर वाढतं, म्हणून दर महिन्याला गोळीआधी वजन करा. मागच्या महिन्याचा पुडा या महिन्याला कमी पडू शकतो. फिट येत असतील तर ते आधी सांगा, या गोळ्या अशा कुत्र्याला जपून द्याव्या लागतात. मानेवर सोडायचं औषध वापरणार असाल तर दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नाही. परमेथ्रिन असलेलं औषध घरात मांजर असताना आणू नका, मांजराला ते विष आहे. गुरांच्या गोचिडींचं औषध अंदाजे पाण्यात मिसळून कुत्र्याला चोपडण्याची पद्धत खेड्यापाड्यांत अजून आहे. प्रमाण चुकलं की कुत्रा थरथर कापतो, लाळ गाळतो, प्रसंगी जातो.

गोळी चालू आहे मग भिंत कशाला, हा प्रश्न सगळे विचारतात. गोळी रक्तात असते. गोचीड चावली, रक्त प्यायली, की मग मरते, आणि त्याला काही तास लागतात. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा तापाचा जंतू, त्या काही तासांतही अंगात उतरू शकतो. म्हणजे चावे जितके कमी तितका धोका कमी, आणि चावे कमी होतात ते भिंत साफ असल्यावर.

गोचीड-तापाची लक्षणं पाठ असू द्या: चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, जेवणाकडे पाठ, सुस्ती, जबड्याखाली गाठी, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली तर बॅबेसियाचा (गोचिडीतूनच येणाऱ्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या परजीवीचा) संशय, तासभरही थांबू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या ९८.४ शी तुलना करू नका. माणसांची तापाची गोळी देऊ नका. रक्त तपासून प्लेटलेट बघतात. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे औषध सहसा २८ दिवस चालतं. कुत्रा चौथ्या दिवशी उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात. रोग आत दबून राहतो आणि महिन्यांनी उलटतो. २८ म्हणजे २८.

लसी थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीज तीन महिन्यांना, पुढे डॉक्टर सांगेल तशी दरवर्षी. मिशन रेबीज या संस्थेची पथकं गावोगाव येऊन लस देतात, त्यांच्यासाठी फाटक उघडा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस घेतली ना, हे नाव घेऊन विचारा: या रोगाचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात आणि पावसात शेताच्या बांधाला, गटाराला पाणीच पाणी असतं. हा रोग माणसालाही होतो. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर फिरवणं नाही.

खाणं: चार महिन्यांपर्यंत चारदा, सहापर्यंत तीनदा, पुढे दोनदा. भात आणि काटे काढलेली मासळी किंवा कोंबडी, बिनमसाल्याची. हुमण (माशाचं कालवण) घातलेलं शीत (भात) नको, त्यात बऱ्याचदा कांदा असतो. शिजवलेली हाडं नकोत. चतुर्थीच्या नेवऱ्यांतले मनुके मूत्रपिंडं बिघडवू शकतात. मे महिन्यात आंब्याची बाठ गिळून आतडं अडतं आणि पोट फाडावं लागतं, तेव्हा बाठी झाकणाच्या डब्यात.

पावसात फिरून आल्यावर बोटांमधलं आणि कानामागचं पुसा, ओलं राहिलं की बुरशी. बेडूक तोंडात धरून फेस आला तर तोंड बाजूला वळवून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. नरकासुराच्या रात्री आणि फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) फटाक्यांना आतल्या खोलीत, दार बंद, पट्ट्यावर तुमचा फोन नंबर. नसबंदी सहा महिन्यांनंतर डॉक्टरशी बोलून. पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी. शी-शू: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर, मारणं नाही.

अंथरूण भिंतीपासून हातभर लांब, दर आठवड्याला गरम पाण्यात. रोज संध्याकाळी कान आणि बोटं. आणि पहिल्या पावसाआधी एकदा, पाऊस गेल्यावर दसऱ्याच्या सुमारास एकदा, टॉर्च घेऊन भिंत: गडगा, सोपे, चौकट, छपराखालची कड. एक जरी दिसली तरी तीन फवारण्या पुन्हा पहिल्यापासून, तीन-तीन आठवड्यांनी.