तीन ब्लॉग आणि एक ऑनलाइन कोर्स: काम कसं लावून घ्यावं

बहुतेकांचे ब्लॉग ठरवून तीन झालेले नसतात. आधी ब्लॉगस्पॉटवर एक असतो, मग स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, घेऊन वर्डप्रेसवर दुसरा सुरू होतो, आणि कोणीतरी सुचवलं म्हणून मीडियम किंवा सबस्टॅकवर तिसरा. त्यात कोर्स करायचं मनात आलं की ठरलेलं घडतं: पोस्ट वेळेवर जाते, कोर्सचा धडा मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. पोस्टला लगेच वाचक मिळतात, अर्धवट कोर्सबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून खालची सगळी मांडणी कोर्स आधी धरून केली आहे. उदाहरण मोडी वाचनाच्या कोर्सचं घेतलं आहे. विषय टॅलीचा असो की गच्चीवरच्या बागेचा, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: मुख्य ब्लॉग कोणता ते ठरवा

ज्या ब्लॉगचं डोमेन तुमच्या नावावर आहे तोच मुख्य. पूर्ण लेख आधी तिथे जाईल, बाकी ठिकाणी त्यानंतर. डोमेन खरंच तुमच्या नावावर आहे ना, हे आजच पाहून घ्या. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या ईमेलवर डोमेन असणं फार सर्रास आहे, आणि ते कळतं मुदत संपल्यावर. डॉट कॉम डोमेनची मुदत आणि त्यापुढचे सवलतीचे दिवस उलटले की ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण त्यासाठी नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

बाकीच्या ब्लॉगांना एकेकच काम द्या. ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणारी गूगलची सेवा, फुकट आहे आणि जुने दुवे सांभाळतो, म्हणून तिथे मोडी कागदांची छायाचित्रं आणि छोट्या नोंदी. सबस्टॅकचा जीव ईमेल यादीत आहे, तेव्हा तिथून पंधरवड्याचं पत्र. मीडियमवर मुख्य ब्लॉगवरचे निवडक लांब लेख. एकट्या माणसाने तीनच्या वर जाऊ नये. खरं तर दोन पुरतात.

पायरी २: मूळ मजकूर कुठल्याच ब्लॉगवर ठेवू नका

थेट वर्डप्रेसच्या किंवा ब्लॉगरच्या खिडकीत लिहायची सवय मोडा. लेख गूगल डॉक्समध्ये किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि तिलाच मूळ प्रत माना. दुरुस्ती आधी तिथे, मग ब्लॉगवर. नाहीतर सहा महिन्यांनी एकाच लेखाच्या तीन जागी तीन आवृत्त्या असतात आणि कोर्सच्या धड्यात नेमकी चुकीची उतरते.

सोबत एक गूगल शीट लागतं. रकाने एवढेच: क्रमांक, विषय, मूळ फाइलचा दुवा, मुख्य ब्लॉगवरचा पत्ता आणि तारीख, इतरत्र कुठे गेला, कोर्सच्या कोणत्या धड्यात वापरला, शेवटची दुरुस्ती कधी. यापेक्षा जास्त रकाने केले तर ते दोन आठवड्यांत रिकामे राहायला लागतात.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या लिपी-संकेतात, बदलून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्य' डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. साइटची भाषाही मराठी अशी निवडा. हिंदी निवडलेली असेल तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

पायरी ३: पोस्टचा पत्ता स्वतः टाइप करा

मराठी ब्लॉगवर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. शीर्षक देवनागरीत असलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत बनवतो. आत साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी चिन्हं धरली जातात. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसमध्ये २०० जागांची मर्यादा आहे, तेव्हा जेमतेम २२ चिन्हं मावतात. 'मोडी लिपीतले इकार आणि उकार कसे ओळखावेत' या शीर्षकाचा पत्ता 'मोडी-लिपीतले-इकार-आणि-उका' इथे तुटतो. शिवाय तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची चार ओळींची माळ दिसते, आणि अशा दुव्यावर लोक बोट ठेवायला कचरतात.

ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. शीर्षकात रोमन अक्षरच नसेल तर तो पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असं घालतो आणि पुढच्या पोस्टांना मागे आकडे लावत जातो. पत्त्यावरून पोस्ट कशाबद्दल आहे ते कोणालाच कळत नाही. एकदा प्रकाशित झाल्यावर तो जागच्या जागी बदलताही येत नाही. पोस्ट पुन्हा ड्राफ्टमध्ये न्यावी लागते.

उपाय दोन्हीकडे एकच. प्रकाशित करण्यापूर्वी पर्मालिंकच्या, म्हणजे पोस्टच्या पत्त्याच्या, चौकटीत रोमन अक्षरांत तीन-चार शब्द टाइप करा: मोडी, इकार, उकार, मध्ये जोडचिन्ह. वर्डप्रेसवर जुने पत्ते बदलताना जुन्यावरून नव्यावर कायमची वळवणी, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लागलं आहे का ते पाहा. एकाच दिवशी सगळे बदलू नका. दहा-दहा करून बदला आणि प्रत्येक जुना दुवा उघडून खात्री करा.

पायरी ४: तोच लेख दुसरीकडे टाकताना

एकच लेख तीन ठिकाणी जसाच्या तसा चिकटवला तर गूगल त्यातला एक निवडतो, आणि तो तुमचा मुख्य ब्लॉग असेलच असं नाही. यासाठी 'कॅनॉनिकल' नावाची खूण असते: मूळ लेख अमुक पत्त्यावर आहे, असं ती शोधयंत्राला सांगते. गूगल ती सूचना म्हणून घेतो, हुकूम म्हणून नाही. तरी लावायचीच.

मीडियमवर मजकूर हाताने चिकटवू नका. तिथल्या 'इम्पोर्ट स्टोरी'मध्ये मूळ पोस्टचा पत्ता दिला की लेख येतो आणि कॅनॉनिकल आपोआप लागतो. हाताने चिकटवून झालं असेल तर स्टोरीच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन पत्ता भरा. मुख्य ब्लॉगवरची पोस्ट गूगलमध्ये नोंदली गेली की नाही हे गूगलच्या सर्च कन्सोल या फुकट साधनात पत्ता टाकून पाहा, आणि मगच इम्पोर्ट करा. ब्लॉगर मात्र कॅनॉनिकल म्हणून स्वतःचाच पत्ता लावतो, म्हणून तिथे पूर्ण लेख नको. दीडशे शब्दांचा सारांश, एक छायाचित्र आणि मूळ लेखाचा दुवा एवढं बास. सबस्टॅकच्या पत्रात तोच लेख पाठवण्यापेक्षा त्या विषयाचा एक सोडवायचा नमुना द्या. तो पुढे कोर्समध्येही कामाला येतो.

पायरी ५: पोस्टचा धडा करताना

वीस पोस्टा एका ओळीत लावल्या की कोर्स झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. पोस्ट वाचून माणसाला काहीतरी कळतं. धडा संपल्यावर त्याला काहीतरी करता यायला हवं. म्हणून सुरुवात शेवटून करा, आधी शेवटची परीक्षा लिहा. मोडीच्या कोर्समध्ये ती अशी असेल: पूर्वी न पाहिलेल्या पत्रातल्या दहा ओळी विद्यार्थ्याने देवनागरीत उतरवायच्या. आता मागे या. त्या दहा ओळींसाठी काय काय यावं लागेल? मुळाक्षरं, बाराखडी, ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांसाठी एकच खूण येते तेव्हा शब्द संदर्भावरून लावणं, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली ओळ तोडणं, अंक, आणि पत्रांतली ठरावीक संक्षिप्त रूपं. हे झाले धडे. ज्या पोस्टचा यातल्या कशाशीच संबंध नाही ती कितीही लोकप्रिय असली तरी कोर्सबाहेर. मोडीचा उगम हेमाडपंताशी जोडणाऱ्या आख्यायिकेवरची पोस्ट ब्लॉगवर शोभते, धड्यात तिचं काम नाही.

प्रत्येक धड्याला चार भाग ठेवा: व्हिडिओ, वाचायचं टिपण, स्वतः सोडवायची चाचणी, शंका विचारायची जागा. सरकारच्या स्वयम् मंचावरचे अभ्यासक्रम याच चार भागांत बांधतात आणि ही रचना लहान कोर्सलाही चपखल बसते. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत हवा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षण मंचाच्या चार अभ्यासक्रमांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ सहा मिनिटांहून लांबला की पाहणाऱ्यांचा टिकाव घसरतो असं दिसलं होतं. शिकवण्याच्या वेगाने मराठीत मिनिटाला साधारण ११० शब्द बोलले जातात. हाताने अक्षर काढून दाखवायचं तर त्याहून कमी. म्हणजे एका धड्याला ५०० ते ६०० शब्दांची संहिता. हजार शब्दांची पोस्ट एका व्हिडिओत बसणार नाही. ती तोडा आणि निम्मी टिपणात टाका.

फुकट काय आणि पैशांनी काय, यावर फार घोळ घालू नका. माहिती ब्लॉगवर उघडी ठेवा. सराव, तपासणी आणि चुकांची दुरुस्ती कोर्समध्ये. पोस्टा अर्ध्यात तोडून 'पुढचं कोर्समध्ये' असं लिहिलं की वाचकही जातो आणि विद्यार्थीही.

ध्वनिचित्रणाचं थोडक्यात: पंखा बंद, खिडकी बंद, कॉलर माइक तोंडापासून वीतभर खाली. कागदावर लिहून दाखवायचं असेल तर फोन वरून टांगलेल्या स्टँडवर आणि उजेड डावीकडून, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. आधी अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा आणि हेडफोन लावून ऐका. १०८०पी व्हिडिओ सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने साठवला तर मिनिटाला ६० एमबी होतात. सहा मिनिटांचे बारा धडे म्हणजे तयार फाइल्सच ४.३ जीबी, कच्चं चित्रण त्याच्या कितीतरी पट. फोनमध्ये जागा नाही हे तिसऱ्या धड्याच्या मध्यावर कळू नये.

पायरी ६: आठवडा

आठवड्याला दहा तास मिळत असतील तर पाच कोर्सचे, तीन मुख्य ब्लॉगचे, एक बाकी ठिकाणांचा, एक उत्तरं देण्याचा. कोर्सचे पाच तास आठवड्याच्या सुरुवातीलाच काढा. पोस्टा एका बैठकीत चार लिहून तारखा लावून ठेवा.

तारखा लावताना दोन गोष्टी बिघडतात. साइटची वेळ कोलकाता न ठेवता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिली असेल तर सकाळी ८ ला लावलेली पोस्ट दुपारी दीडला निघते. दुसरं म्हणजे वर्डप्रेसचं घड्याळ कोणीतरी साइट उघडली तरच पुढे सरकतं. वर्दळ कमी असेल तर पोस्टची वेळ टळते आणि यादीत 'मिस्ड शेड्यूल' असं दिसतं. होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या) पॅनलमध्ये दर १५ मिनिटांचा क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावला की हा त्रास जातो.

पायरी ७: कोर्स कुठे ठेवायचा

यूडेमी या कोर्स विकणाऱ्या साइटवर किमान ३० मिनिटांचे व्हिडिओ आणि पाच धडे लागतात. तुमच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीत ९७ टक्के वाटा तुमचा, त्यांच्या शोधातून झालेल्या विक्रीत ३७. ब्लॉगला वाचक आहेत आणि ते विकत घेतील असं वाटत असेल तर स्वतःच्या साइटवर मूडल (कोर्स चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) किंवा वर्डप्रेसचं एखादं कोर्स प्लगइन बरं. मात्र व्हिडिओ स्वस्त होस्टिंगवर चढवू नका. दहा जणांनी एकदम पाहिला की साइट बसते, सोबत ब्लॉगही. यूट्यूबचा 'अनलिस्टेड' पर्याय फुकट आहे, पण दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या जवळ जायला लागली की जीएसटीबद्दल सीएंना विचारा.

पायरी ८: बॅकअप आणि जुना ब्लॉग

महिन्यातून एकदा सगळीकडचा मजकूर उतरवून घ्या. वर्डप्रेसच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. 'अपलोड्स' फोल्डर वेगळं उतरवा. ब्लॉगरचा मजकूर गूगल टेकआउटमधून मिळतो. सबस्टॅकवरून सदस्यांची यादीही काढून ठेवा. ती कोर्सच्या जाहिरातीसाठी दुसरीकडे वापरायची असेल तर आधी त्याच सदस्यांना पत्र पाठवून होकार घ्या.

ब्लॉगस्पॉटवरचा जुना ब्लॉग झेपत नसेल तर तो काढून टाकू नका. ब्लॉगरची रीडायरेक्टची सोय त्याच ब्लॉगच्या आतली आहे, बाहेरच्या डोमेनवर ती नेत नाही. जास्त वाचल्या जाणाऱ्या पाच-सात पोस्टांच्या डोक्यावर नव्या लेखाचा दुवा एका ओळीत द्या, शेवटची पोस्ट म्हणून नवा पत्ता लिहा, प्रतिक्रिया बंद करा आणि ब्लॉग तसाच राहू द्या.