राज्यशास्त्राचा अभ्यास कसा करावा: सुरुवात सोलापूरच्या चार हुतात्मा चौकापासून

बीएला राज्यशास्त्र घेतले की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "एमपीएससीला उपयोग होईल ना?" होतो. पण तेवढ्याचसाठी हा विषय घेतला तर सगळी वर्षे पाठांतरात जातात. माझे पहिले वर्ष तसेच गेले. गाईडमधली सार्वभौमत्वाची, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च सत्तेची, वैशिष्ट्ये मला क्रमाने पाठ होती. एकदा सरांनी वर्गात उभे करून विचारले, "मग आपली महापालिका सार्वभौम आहे का?" मला उत्तर देता आले नाही. राज्याच्या कायद्याने जन्मलेली आणि त्याच कायद्याने बांधलेली संस्था सार्वभौम कशी असेल, एवढी साधी गोष्ट सुचली नाही, कारण मी व्याख्या कधी गावात आणून पाहिलीच नव्हती. त्यानंतर अभ्यासाची पद्धत बदलली, तीच इथे सांगतो.

पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही घ्या आणि एका पानावर एकच संकल्पना लिहा. वर पुस्तकातली व्याख्या, मधे तीच गोष्ट आजीला समजेल अशा शब्दांत, खाली सोलापूर जिल्ह्यातले एक उदाहरण. उदाहरण सापडत नाही तोवर ते पान अपुरे समजा.

सत्ता (आपले म्हणणे करवून घेण्याची ताकद), अधिसत्ता (तसे करवून घेण्याचा मान्य अधिकार) आणि अधिमान्यता (तो अधिकार योग्य आहे असे लोकांनी मनाने मानणे) या तिन्हींत जवळपास प्रत्येकाचा गोंधळ होतो. तो सोडवायला चार हुतात्मा चौकात जाऊन उभे राहा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहरातून मागे सरले आणि ९ ते ११ मे या दिवसांत शहराचा कारभार लोकांनीच सांभाळला. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. आता जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची व्याख्या काढा: एका भूप्रदेशात वैध बळाच्या वापराची मक्तेदारी आपली आहे हे यशस्वीपणे बजावणारी संस्था म्हणजे राज्य. मग वहीत उत्तरे लिहा. त्या तीन दिवसांत सोलापुरात राज्य कुणाचे होते? लोक कुणाचे ऐकत होते, आणि धाकाने की मनाने? लष्कर आल्यावर सत्ता परत आली, पण अधिमान्यता आली का? हे पान स्वतः लिहिलेला विद्यार्थी या तीन शब्दांत पुन्हा घोटाळा करणार नाही.

संविधानाची मराठी प्रत घ्याच. मात्र पहिल्या अनुच्छेदापासून ओळीने वाचू नका, कंटाळा येईल. एखादा प्रश्न घेऊन आत शिरा. घरात काही दिवसांआड पाणी येते ना? मग त्या नळाचा माग काढा. शहराचा पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांपैकी एक, म्हणजे महापालिकेकडे. पाणी येते उजनीतून, आणि धरण राज्य सरकारचे. भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते, म्हणून आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांबद्दलचा अनुच्छेद २६२ आला, आणि त्यापाठोपाठ १९६९ साली नेमलेला कृष्णा पाणीतंटा लवाद. एका नळापासून स्थानिक स्वराज्य आणि संघराज्य ही दोन्ही प्रकरणे समजतात. बादली भरताना हा विचार मनात आला की समजा, विषय अंगात मुरायला लागला.

विचारवंतांचे मूळ लेखन थोडे का होईना, वाचा. हॉब्ज किंवा लॉकची इंग्रजी पाने जड जातील, तरी रोज एकच पान डिक्शनरी घेऊन वाचा. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी केलेले भाषण मात्र सगळे वाचा, दोनदा वाचा. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला अंतर्विरोध त्यांनी इतका स्पष्ट मांडलाय, की त्यानंतर गाईडमधला 'लोकशाहीचे गुणदोष' हा मुद्दा पोकळ वाटू लागतो.

गाव मोहोळ, अक्कलकोट, सांगोल्याकडे असेल तर ग्रामसभेला जाऊन बसा. कोण बोलतो, कोण मागे उभा राहतो, बायका किती आल्या, कोरम (किमान उपस्थिती) नसताना काय होते, सगळे टिपून ठेवा. सरपंच बाई असतील तर प्रश्नांची उत्तरे त्या स्वतः देतात की शेजारी बसलेले त्यांचे यजमान, हेही पाहा. पंचायतराजच्या ७३व्या घटनादुरुस्तीवर उत्तर लिहिताना ही टिपणे उपयोगी पडतात.

परीक्षेसाठी आठवड्याला दोन उत्तरे घड्याळ लावून लिहा आणि एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला तपासायला द्या. सुरुवात व्याख्येने न करता प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते एका वाक्यात लिहून करा. झेरॉक्स नोट्स आदल्या रात्री उजळणीपुरत्या ठीक आहेत, पण त्यांच्या आधी वहीचे ते पान उघडा.