ओल्या वावरातून भरलेली ट्रॉली कशी काढावी

सोयाबीन ट्रॉलीत भरलं, अन् परतीचा पाऊस झोडपून गेला. ४५-५० एचपीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला अशा वेळी ताकद भरपूर असते, पकड नसते. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि जागीच फिरतो. जास्त रेस दिली की खड्डा खोल होतो, एवढंच.

वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चालण्याजोगी सुकेपर्यंत, थांबता आलं तर थांबा. नसेल जमत, तर आधी वजनाकडे बघा. दोनचाकी ट्रॉलीत पोती चाकांच्या थोडी पुढे रचली की हुकवर भार येतो आणि मागच्या टायरला पकड मिळते. पोती मागे रचली तर हुक वर उचलला जातो. पण पुढे फार भार टाकला तर स्टिअरिंग हलकं पडतं. चारचाकी ट्रॉलीचा भार हुकवर येतच नाही; तिथे मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असावं. व्हॉल्व्ह वर ठेवून तिथपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो, १३.६-२८ मापात जवळपास २०० लिटर. हवा १२ पीएसआयच्या आसपास ठेवा.

पुढची चाकं सरळ करा. टायरच्या खाचांतला चिखल खुरप्याने काढा, चाकांपुढे पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या काड्या) आडव्या अंथरा. मडगार्डवर बसलेल्यांना उतरवा. लो-दुसरा गिअर, हँड थ्रॉटल १२०० ते १५०० आरपीएम. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पॅडल, चाकं थांबलेली असतानाच दाबा. एक चाक फिरत असताना दाबला तर आतले दाते तुटतात, अन् तो खर्च सोयाबीनच्या भावात बसत नाही. आता क्लच हळू पण न थांबता पूर्ण सोडा. अर्ध्यावर पाय ठेवून रेटत राहिलं की प्लेट जळते. वास आला म्हणजे उशीर झालाच. ट्रॅक्टर सरळ चालेपर्यंतच लॉक ठेवा, वळण्याआधी पाय काढा. लॉक सुटला नाही तर स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवा.

चाक दोन फेरे जागीच फिरलं की थांबा.

खरा धोका पुढचं तोंड उचलण्याचा. मागची चाकं खड्ड्यात अडकली किंवा त्यांच्यापुढे जाड लाकूड घातलं, तर फिरायला जागा नसलेल्या चाकांभोवती अख्खा ट्रॅक्टरच फिरतो. मागे उलटायला दीड सेकंद पुरतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. म्हणून पाय क्लचवर तयार हवा आणि तोंड जरा उचललं की दाबायचा. साखळी किंवा ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढदांडीला) जोडा. वर असलेल्या टॉप लिंकच्या ब्रॅकेटला बांधली तर ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून लागते आणि ट्रॅक्टर उलटू शकतो. चाकाला लाकूड बांधून काढायची गावठी युक्ती तर पूर्ण टाळा.

दोनदा जमलं नाही तर ट्रॉली सोडा आणि ट्रॅक्टर एकटा बाहेर काढा. पांदणीच्या कडक जागी उभा करून लांब साखळीने ट्रॉली ओढा, ताणलेल्या साखळीजवळ कोणी उभं राहू नये. तरी हलली नाही तर निम्मी पोती उतरवा. दोन खेपा परवडतात.

डांबरी रस्त्यावर चढण्याआधी डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना जोडा, आणि वाहतुकीसाठी कंपनीच्या पुस्तकात सांगितली तेवढी हवा भरा.