‘धोका कुनी दिला?’ : आरोग्यसंवादाच्या संशोधनात या चुका टाळा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या एका गल्लीत मी प्रश्नावली घेऊन बसले होते. समोर बिड्या वळणाऱ्या अक्का. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात कातरलेली पानं. मी वाचून दाखवलं, ‘तंबाखूच्या धुळीमुळे श्वसनाचा आजार होण्याचा धोका तुम्हाला किती टक्के वाटतो?’ अक्कांचे हात थांबले नाहीत. ‘धोका? कुनी दिला वो धोका?’ शेजारची बाई फिस्सकन हसली. मी ‘जाणीव नाही’ या चौकटीत खूण केली आणि पुढच्या घरी गेले. असे साठेक फॉर्म भरून झाल्यावर लक्षात आलं की जाणीव मलाच नव्हती.

आरोग्याची माहिती लोकांपर्यंत कशी पोचते आणि जोखमीचे निर्णय ते कसे घेतात, या विषयात करिअर करायचं म्हणून दरवर्षी काही मुलं-मुली विचारायला येतात. त्यांनी निदान माझ्या चुका पुन्हा करू नयेत.

पहिली चूक शब्दाची. पुस्तकी मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. आपल्याकडच्या हिंदी-दखनीत धोका म्हणजे दगाफटका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात जाल तर आणखी गंमत: तेलुगूत ‘प्रमादम्’ म्हणजे संकट, अपघात, मराठीत प्रमाद म्हणजे चूक. माझ्या प्रश्नावलीचा इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून परत इंग्रजीत असा रीतसर अनुवाद झाला होता, आणि तो तंतोतंत जुळलाही होता. जुळणारच, दोन्ही अनुवादक पदवीधर! उपाय साधा आहे आणि वेळखाऊ आहे. प्रश्न पक्के करण्याआधी आठ-दहा जणींना विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर लगेच पुढचं विचारा, ‘मी आत्ता काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. हे आठ-दहा तास वाचवायला गेलात तर पुढचं वर्ष जातं.

टक्क्यांचंही तसंच. ‘40 टक्के’ ऐकून मान डोलावणारा माणूस 40 टक्के समजलेला असतोच असं नाही. जोखमीच्या आकलनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगेरेन्झर यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय की ‘100 पैकी इतके’ असं सांगितलं की डॉक्टरांचंसुद्धा गणित सुधारतं. दुसऱ्या फेरीत मी अक्कांपुढे त्यांच्याच 25-25 च्या चार बंडलांतल्या बिड्या सुपात पसरल्या. म्हटलं, ‘ह्या तुमच्यासारख्या 100 बायका समजा. म्हातारपणी दम लागणाऱ्या किती?’ त्यांनी मूठभर बिड्या बाजूला सारल्या, क्षणभर बघितलं आणि चार परत आत टाकल्या. ‘ह्या शिलाईला लागल्या. ह्यांना न्हाई व्हायचं.’ जितकी वर्षं धुळीत, तितका त्रास, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

आकडे छापतानाही सांभाळा. ‘जोखीम दुप्पट’ असं लिहिलं तर कशाच्या दुप्पट ते लिहा. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गाठी होण्याची जोखीम दुप्पट होते. प्रत्यक्षात ती सुमारे 7,000 जणींत 1 वरून 2 झाली होती. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे.

आता सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे निम्म्या प्रबंधांच्या शेवटी एकच शिफारस असते: जनजागृती वाढवावी. लोकांना माहीत नाही म्हणून ते चुकतात, हे आपण आधीच ठरवून निघालेलो असतो. अक्का खोकला असूनही सिव्हिलला जात नव्हत्या. का? सकाळची ओपीडी म्हणजे त्या दिवसाचा माल कमी, आणि माल कमी म्हणजे मजुरी कमी. कानमन आणि टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा 1981 चा प्रसिद्ध प्रयोग इथे आठवतो. 600 जणांना घेरणाऱ्या साथीवरचे तेच दोन उपाय: एकाचा निकाल खात्रीचा, दुसरा जुगार. ‘इतके वाचतील’ असं सांगितलं तेव्हा 72 टक्क्यांनी खात्रीचा उपाय निवडला. ‘इतके मरतील’ असं सांगितल्यावर 78 टक्क्यांनी जुगार पत्करला. समोर खात्रीचं नुकसान दिसलं की माणूस जुगाराकडे झुकतो. बुडालेली मजुरी खात्रीची, आजार बळावणं बेभरवशाचं. पण इथेही घाई नको. अक्का जुगार खेळतायत की त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही, हे वेगळं करून दाखवणं हेच तुमचं संशोधन. ओपीडी संध्याकाळी असती तर गेल्या असत्या का, हा प्रश्न प्रश्नावलीत हवा. माझ्यात नव्हता.

घाबरवणाऱ्या पोस्टरवर प्रकल्प करणाऱ्यांनी संवाद-संशोधक किम विट यांचं भीतीच्या संदेशांवरचं 1992 चं प्रतिमान आधी वाचावं. भीती मोठी आणि सुटकेची वाट दिसत नसेल तर माणूस संकट आवरत नाही, भीती आवरतो. म्हणजे पोस्टरकडे बघतच नाही. आणि 2016 पासून तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्याने 85 टक्के जागा घेतली असली, तरी सुटी बिडी मागणाऱ्याच्या हातात ते चित्र येतच नाही.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नीती तपासणाऱ्या समितीची, मान्यता आधी, फॉर्म नंतर. ‘साधा सर्व्हे तर आहे’ म्हणून मी उलटं केलं आणि एका समितीने त्या फॉर्ममधला शब्दही वापरायला मनाई केली. तेव्हा राग आला होता, पण आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: तपासणीतून सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नाही. संमतीच्या कागदावर अंगठा मागितला की बायका बिचकतात, ‘कार्ड बंद होईल का?’ म्हणतात. म्हणून आधी कागद वाचून दाखवा, साक्षीदार त्यांच्याच गल्लीतला घ्या.

राहिलं करिअर. हा विषय पत्रकारिता, मानसशास्त्र आणि सामुदायिक आरोग्य यांच्या सीमेवर आहे. तिन्हींतलं थोडं थोडं केलंत तर एक ना धड भाराभर चिंध्या. नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) कोणत्या विषयात, पीएच.डी. कोणत्या विभागात आणि सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत कोणती पदव्युत्तर पदवी मागतात, हे तीन कागद शेजारी ठेवून बघा आणि मगच नोंदणी करा. गाइडची निवड नावावरून नको, शेवटच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून करा.

‘सोलापुरात राहून काय होणार’ हेही ऐकायला मिळतं. बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी चाचणी) मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायकांना तपासणीला कोणी, कोणत्या शब्दांत बोलावलं असेल? पाच प्रबंध होतील.

छापण्याची घाई करणाऱ्यांसाठी एक शेवटचं. यूजीसीने 2025 मध्ये केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या विद्यापीठावर आहे. ‘आठ दिवसांत प्रकाशन’ असा मेसेज आला तर त्यांचे मागचे दोन अंक उघडा. एकाच अंकात ऊस, ब्लॉकचेन आणि संत साहित्य शेजारी शेजारी दिसलं की पैसे भरू नका.