वाडीची पाखाडी, गावचा रस्ता, बाजारातला फुटपाथ: स्थानिक कारभारावर लक्ष कसं ठेवावं

कोकणात रस्त्याची ओरड होते ती जून-जुलैत. गाडी चिखलात रुतते, पाखाडीच्या (वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेच्या) पायऱ्यांवर शेवाळ धरतं, कोणीतरी घसरून पडतं आणि मग सरपंचांना फोन जातात. पण तेव्हा फार काही होण्यासारखं नसतं. भर पावसात डांबर पडत नाही आणि त्या वर्षीचा निधी आधीच वाटला गेलेला असतो. रस्ता ठरतो तो त्याच्या आदल्या ऑक्टोबर ते जानेवारीत, ग्रामसभेत आणि कागदावर. म्हणून तयारी गणपतीतच सुरू करा आणि पुढे सांगितलेल्या क्रमानेच जा. क्रम चुकला की अर्ज बरोबर असूनही भलत्याच टेबलावर पडून राहतो.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

तक्रार वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66, याबद्दल ग्रामपंचायतीत भांडून उपयोग नाही. त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग विभाग आहे. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग राज्याचा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. वाडीतले अंतर्गत रस्ते, पाखाड्या आणि गटारं ग्रामपंचायतीची. कडेचा किलोमीटरचा दगड बघितला तरी अंदाज येतो: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा, नारिंगी असेल तर ग्रामीण.

शहरात थोडी गुंतागुंत आहे. शहरातले अंतर्गत रस्ते नगरपरिषदेचे किंवा नगरपंचायतीचे, पण मधूनच जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा बांधकाम विभागाचा असतो. त्याच्या कडेचं गटार कोणी उपसायचं यावर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा ठिकाणी एकच अर्ज दोन्हीकडे द्या आणि "हा रस्ता व गटार आपल्या ताब्यात आहे की नाही ते लेखी कळवावे" एवढंच विचारा. लेखी उत्तर आल्यावर पुढची टोलवाटोलवी थांबते.

23 नंबर बघा

वाडीतल्या रस्त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 23, रस्त्यांची नोंदवही. "रस्ता 23 नंबरला आहे का?" हा प्रश्न पंचायत समितीपासून आमदारांच्या कार्यालयापर्यंत सगळे विचारतात, कारण नोंद नसलेल्या रस्त्यावर सरकारी पैसा घालताना अधिकारी कचरतात. ग्रामसेवकांकडे (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) अर्ज करून उतारा घ्या आणि तो घेऊन रस्त्यावर चालत जा. रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती, रुंदी किती, मातीचा की खडीचा की डांबरी, हे सगळं त्यात असतं. नोंद देवळापासून वडापर्यंत असते आणि शेवटची चार घरं वडाच्या पुढे. मग दर वेळी काम वडापाशी थांबतं आणि त्या घरांना वाटतं आपल्याला मुद्दाम वगळलं. खरं कारण वहीत असतं आणि ते दुरुस्त करता येतं.

नोंद नसेल किंवा अपुरी असेल तर जमिनीचा प्रश्न येतो, आणि कोकणात तो खराच कठीण आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांना नीट आखलेलं गावठाण नाही. घरं वाड्यावाड्यांतून विखुरलेली, ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर. रस्ता पिढ्यानपिढ्या वापरात असला तरी कागदावर तो कोणाच्या तरी आगरातून किंवा कलमांच्या बागेतून जातो. सातबारा सामाईक, त्यावर नावांची रांग, निम्मी माणसं मुंबईत. सगळे घरी सापडतात ते गणपतीत, नाहीतर शिमग्याला. संमतीपत्राचा मसुदा आधीच तयार ठेवा, कोणत्या किमतीचा स्टॅम्प लागतो ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि त्या आठवड्यात सह्या घ्या.

जमीनवाल्याला गावाचा शत्रू ठरवू नका. त्याची भीती साधी असते: आज पायवाटेला हो म्हटलं तर उद्या जेसीबी येईल, गडगा (दगडी कुंपण) जाईल, दोन माड जातील. ही भीती कागदावरच दूर करा. संमतीपत्रात गट क्रमांक, रस्त्याची नेमकी रुंदी आणि "सध्याच्या गडग्याला व झाडांना धक्का न लावता" हे शब्द घाला, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. तोंडी आश्वासनावर सही न देणारा माणूस अशा कागदावर पुष्कळदा सही देतो.

वापरातला रस्ता कोणी अडवलाच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मुदत अडवल्यापासून सहा महिने; "बघू, समजुतीनं घेऊ" म्हणत ती घालवू नका. समजूत काढत राहा, पण दावा मुदतीत दाखल करा. शेतावर जायला मुळात वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला स्वतःलाच आहे, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली.

ग्रामसभेत ठराव घ्या

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बहुतेक ठिकाणी त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून ती सभा चुकवू नका. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. गावच्या मतदार यादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य असतो. चाकरमान्यांचं नाव मुंबईच्या यादीत असेल तर त्यांची सही संमतीपत्रावर चालते, ठरावाला त्यांचं मत चालत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती उरकून टाकण्याची सवय अनेक गावांत आहे आणि ते फार नुकसानीचं आहे. विहिरीवर, रेशनवर, शाळेत, दवाखान्यात रोज त्या वाटेने जातात त्या बायका. कुठली पायरी सुटली आहे, कुठल्या वळणावर दिवा नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाखाडीचा विषय आधी महिला सभेत मांडा. तिथला ठराव घेऊन ग्रामसभेत आलात की नुसत्या चर्चेवर विषय मिटत नाही.

ठराव मोघम नको. "वाडीतील रस्ता करण्यात यावा" अशा ठरावातून काहीच निघत नाही. असा लिहा:

"नमुना 23 मधील अनुक्रमांक अमुक, देऊळ ते शेवटचे घर, लांबी 420 मीटर, या पाखाडीचे जांभा दगडात बांधकाम करणे, डोंगराकडील बाजूस गटार बांधणे व पऱ्यावर (ओढ्यावर) मोरी टाकणे, हे काम सन अमुकच्या आराखड्यात प्राधान्यक्रम 1 वर घेण्यात यावे. जमीनमालकांची संमतीपत्रे सोबत जोडली आहेत."

सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घ्या आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागा. आराखडा मंजूर झाल्यावर तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. आपलं काम त्यात आहे का ते स्वतः उघडून बघा.

पैसा कुठून येतो याची थोडी माहिती ठेवली की पुरे. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो, रस्ता अबंधित भागातून करता येतो. त्याखेरीज जनसुविधा, डोंगरी विकास, आमदार निधी आणि ग्रामविकासचं 2515 हे लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं) आहे. वहाळावरच्या साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्याचा प्रस्ताव ठरावासह जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे पाठवायला सांगा.

अंदाजपत्रक निविदेच्या आधी वाचा

कोकणातला रस्ता वाहनांनी मोडतो त्याहून जास्त पाण्याने मोडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गटार नसलेला डांबरी रस्ता हा पहिल्या आषाढापुरताच असतो. त्यामुळे अंदाजपत्रक हातात आल्यावर आधी तीन गोष्टी शोधा: डोंगराच्या अंगाला गटार आहे का, पाणी आडवं येतं तिथे मोरी आहे का, आणि रस्ता मधे थोडा उंच ठेवून दोन्ही अंगांना उतार दिला आहे का. यांतलं काही नसेल तर तेव्हाच लेखी मागणी करा. काम सुरू झाल्यावर "अंदाजपत्रकात नाही" हे एकच उत्तर मिळतं आणि ते बरोबरही असतं.

पाखाडीच्या बाबतीत माझा आग्रह चिऱ्याचा, म्हणजे जांभा दगडाचा. नीट बसवलेली जांभ्याची पायरी खचली तर उचलून पुन्हा बसवता येते. काँक्रीटचा पातळ थर फुटला की सगळाच फोडावा लागतो. काँक्रीटच करायचं असेल तर पृष्ठभाग खरबरीत हवा, पायऱ्यांची उंची सारखी हवी आणि चढ जास्त असेल तिथे हाताला धरायला लोखंडी पाइप हवा.

काम चालू असताना कामाची रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लावलेला आहे का ते बघा. गावातल्या डांबरी रस्त्याच्या अंदाजपत्रकात साधारणपणे 75 मिलिमीटरचा खडीचा थर, दबाई, 20 मिलिमीटरचं कारपेट (डांबर-खडीचा थर) आणि वर सीलकोट (डांबराचा पातळ लेप) असं लिहिलेलं असतं. हे तपासायला इंजिनिअर असायची गरज नाही. दबाई झाल्यावर रस्त्याच्या कडेला जिथे थर उघडा दिसतो, तिथे शाळेतली पट्टी उभी धरा. 20 मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. आकडा वाचता येईल असा जवळून फोटो घ्या, दुसऱ्या फोटोत शेजारचा विजेचा खांब किंवा घर येऊ द्या म्हणजे जागा ओळखू येते. एका जागेवरून आरोप करू नका. चार-पाच ठिकाणी मोजा आणि कमी भरलं तर त्याच दिवशी शाखा अभियंत्यांना फोटोसह लेखी कळवा. ठेकेदाराच्या मजुरांशी वाद घालू नका. कमी खडी टाकायचं त्यांनी ठरवलेलं नसतं.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. या कायद्यात माहिती म्हणजे फक्त झेरॉक्स नव्हे. कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हेही त्याच अधिकारात येतं, आणि फार थोडे लोक ते मागतात. उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

शहरातला फुटपाथ आणि विकास आराखडा

चिपळूण, रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, अलिबाग यांसारख्या ठिकाणी मुख्य बाजारात चालायला जागा उरत नाही. पादचारी मार्ग निर्वेध असणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलं आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको. टेपने मोजा आणि मुख्याधिकाऱ्यांना लिहिताना "फुटपाथ अरुंद आहे" असं न लिहिता कुठल्या दुकानासमोर किती सेंटिमीटर उरले आहेत ते लिहा. प्रत नगरसेवकांना द्या आणि विषय सर्वसाधारण सभेत घ्यायला सांगा.

इथे एक विनंती. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली पाटी उचलली जाते ती मासळीवालीची किंवा रानभाजीवालीची. पथविक्रेता अधिनियम 2014 प्रमाणे आधी सर्वेक्षण आणि विक्रीच्या जागा ठरवणं बंधनकारक आहे. आपल्या अर्जात वाढवलेल्या पायऱ्या, पत्र्याच्या शेड आणि उभ्या गाड्या यांचा उल्लेख आधी करा, आणि विक्रेत्यांसाठी जागा ठरवण्याची मागणी त्याच अर्जात करा.

शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला तर सूचना आणि हरकतींसाठी मुदत 30 दिवस असते, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 प्रमाणे. नकाशा नगरपरिषदेत लावलेला असतो. गट क्रमांक घेऊन जा आणि आपलं घरच नव्हे, तर जवळचा वहाळ, पाणथळ आणि शाळेकडे जाणारी वाट नकाशावर आहे का ते बघा. नकाशावर नसलेला पऱ्या पुढे कोणीतरी भरावाखाली घालतो आणि पाणी घरात शिरल्यावरच ते सगळ्यांना कळतं. खाडीकाठ असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषाही तपासा. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

काम झाल्यावर

अंतिम बिल निघण्याच्या आधी एकदा मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी जागेवर पडताळा. करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना तर पाच वर्षं देखभाल करारातच असते. कामाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दर वर्षी पाऊस संपला की फोटो काढा आणि खड्डा दिसला तर करारातल्या कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या: ग्रामपंचायतीचं काम असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेचं असेल तर कार्यकारी अभियंत्यांकडे. तिथे दाद लागली नाही तर पोचेच्या सगळ्या प्रती जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाचा अर्ज करा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज आधी 15 दिवस द्यावा लागतो.