सॉकेट अडकून बसू नये म्हणून टाइमआउट कसा लावावा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची आवक जोरात आहे. वजनकाट्याला जोडलेला संगणक प्रत्येक गाडीचं वजन सॉकेटमधून (प्रोग्रामच्या नेटवर्क जोडणीच्या टोकातून) हिंगणा एमआयडीसीतल्या सर्व्हरकडे पाठवतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. तेवढ्यात तिकडची वीज जाते. इकडचा प्रोग्राम बंद पडत नाही, एररही दाखवत नाही. नुसता थांबतो, आणि त्याच्यासोबत गाड्यांची रांगही थांबते.

सर्व्हरचा प्रोग्राम बंद झाला, तर त्याची ऑपरेटिंग सिस्टिम तसं कळवते आणि तुमच्या रिसीव्हला (सॉकेटमधून डेटा वाचणाऱ्या फंक्शनला) रिकामे बाइट मिळतात. वीज गेली तर कळवायला कोणी उरत नाही. सॉकेट मुळात ब्लॉकिंग, म्हणजे थांबून राहणारं, असल्यामुळे डेटा येईपर्यंत रिसीव्ह परतच येत नाही. कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून आहे का, हे विचारणारी सोय) चालू केलं तरी लिनक्सवर पहिली विचारणा डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. वजनकाट्यावर त्याचा काय उपयोग? वेळेची मर्यादा, म्हणजेच टाइमआउट, आपणच घालायला हवी. खालच्या पायऱ्या पायथनच्या आहेत, पण विचार सगळीकडे तोच.

१. जोडणीची मर्यादा वेगळी ठेवा. क्रिएट_कनेक्शन (जोडणी उघडणारं फंक्शन) वापरताना त्यातच टाइमआउट द्या. दिला नाही, तर लिनक्स स्वतःहून हार मानायला मिनिटभराहून जास्त वेळ घेतो. पहिलं पॅकेट हरवलं तर ते साधारण १ सेकंदाने आणि नंतर ३ सेकंदांच्या सुमारास पुन्हा जातं, म्हणून ४ सेकंदांचा टाइमआउट मला योग्य वाटतो: दोन फेरप्रयत्नांना वाव मिळतो. नावावरून आयपी पत्ता शोधण्याचा वेळ मात्र या मर्यादेत येत नाही, हे विसरू नका.

२. सेटटाइमआउटच्या (सॉकेटला टाइमआउट लावणाऱ्या फंक्शनच्या) किमती समजून घ्या. नन (None) दिलं तर सॉकेट कायम थांबणारं. शून्य दिलं तर अजिबात न थांबणारं: डेटा नसेल तर लगेच एरर. ५ दिलं तर पाच सेकंद वाट पाहून टाइमआउटएरर.

३. पूर्ण कामाची मुदत ठरवा. बहुतेक प्रोग्राम इथेच फसतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा. रिसीव्हचा टाइमआउट दर हाकेला नव्याने मोजला जातो. तुम्ही ५ सेकंद लावले आणि पलीकडून दर ४ सेकंदांनी एकच बाइट येत राहिला, तर १०० बाइटांची पोच यायला ४०० सेकंद लागतील आणि टाइमआउट एकदाही लागणार नाही. उपाय असा: सुरुवातीला टाइम.मोनोटोनिकची (कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळाची) वेळ घ्या, तीत १० सेकंद मिळवा, ती झाली मुदत. प्रत्येक रिसीव्हच्या आधी किती वेळ उरला ते काढा आणि तेवढाच सेटटाइमआउटला द्या. उरलेला वेळ शून्य किंवा उणे असेल तर तो तसाच देऊ नका, स्वतःच टाइमआउटएरर उठवा. कारण शून्याने सॉकेट न थांबणारं होतं आणि उणे संख्येने व्हॅल्यूएरर येतो. साधं टाइम.टाइम वापरू नका, मशीनचं घड्याळ कोणी पुढेमागे केलं की हिशेब बिघडतो. सेंडऑलला (सगळा डेटा पाठवणाऱ्या फंक्शनला) हा उपद्व्याप लागत नाही, पायथन ३.५ पासून त्याची मर्यादा पूर्ण पाठवणीला लागू होते.

४. टाइमआउट लागल्यावर काय, तेही लिहून ठेवा. सॉकेट बंद करा. अर्धवट पोच आलेल्या जोडणीवर पुढचं वजन पाठवलं, तर जुन्या पोचेचा उरलेला भाग नव्या वजनाचा समजला जाईल. मग नवीन जोडणी करून तेच वजन पुन्हा पाठवावं का? टाइमआउटचा अर्थ वजन नोंदलं गेलं नाही असा होत नाही. फक्त पोच आली नाही. कदाचित नोंद झालीही असेल. म्हणून प्रत्येक वजनाला काट्यावरच एक पावती क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पोच द्यावी. दुहेरी नोंद म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात घोळ, त्यामुळे ही पायरी गाळू नका. फेरप्रयत्न १, २, ४ सेकंदांच्या अंतराने करा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. नाहीतर वीज परतताच सगळे काटे एकदम सर्व्हरवर तुटून पडतील.

५. काटे अनेक असतील तर सर्व्हरच्या बाजूला असिंकआयओ (एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणारी पायथनची लायब्ररी) बघा. पायथन ३.११ पासून त्यात असिंकआयओ.टाइमआउट आहे, ते आतल्या पूर्ण कामाला मुदत लावतं, म्हणून तिसऱ्या पायरीतला हिशेब हाताने करावा लागत नाही.

६. तपासणी खऱ्यासारखी करा. सर्व्हरचा प्रोग्राम मारून टाकणं ही वेगळीच चाचणी आहे, कारण तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम जोडणी बंद झाल्याचं कळवते. जोडणीच्या टाइमआउटसाठी १९२.०.२.१ हा पत्ता वापरा. तो फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, त्यामुळे तिथून सहसा उत्तर येत नाही. वाचनाच्या टाइमआउटसाठी जोडणी झाल्यावर सर्व्हरची नेटवर्क केबल काढा. आणि मुदतीसाठी दर ४ सेकंदांनी एक बाइट देणारा छोटा सर्व्हर लिहा: दहाव्या सेकंदाला एरर आला नाही, तर तिसरी पायरी पुन्हा तपासा.