धंदा चालू आणि मालक बंद? या चुका टाळा

छोट्या धंद्यात मालक आपण, अकाउंटंट आपण, वेळ पडली तर डिलिव्हरीवालेही आपणच, त्यामुळे दिवसभर मरमर करून रात्री "आज नक्की काय झालं?" असं स्वतःला विचारलं की उत्तरच सापडत नाही. माझी दोन वर्षं अशीच गेली.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे जे वाजतं ते आधी उचलायचं. कस्टमरचा मेसेज वाजतो, कुरियरवाल्याचा फोन वाजतो. थकलेली उधारी, पुढच्या तीन महिन्यांचा कॅश फ्लो (पैसे कधी येणार, कधी जाणार), नवीन माणसाला शिकवणं, यातलं काहीच वाजत नाही, ते गुपचूप पडून राहतं आणि पगाराच्या तारखेला एकदम अंगावर येतं. म्हणून आता सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एकच न वाजणारं काम ठरवतो आणि पहिला दीड तास त्यालाच देतो. एकच हां, दहा नाही.

मधेच उठावं लागलं तर पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहून उठा. अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा थोडा भाग अडकून राहतो, सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये याला अटेन्शन रेसिड्यू म्हटलं. त्या एका ओळीने डोकं बरंच मोकळं होतं.

"मी नसलो की सगळं अडतं" हे आपण जरा अभिमानानेच सांगतो ना? अडतं कारण आपण काम देतो पण निर्णय देत नाही. अमुक रकमेपर्यंतचा रिफंड, बदली माल, छोटी खरेदी मला न विचारता करायची, एवढं ठरवून टाकलं तरी निम्मे फोन कमी होतात. सुरुवातीला चुका होतील, होऊ द्या, आपल्याही झाल्याच की.

आणि बर्नआउटला नुसता थकवा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-11 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत (2019) त्याला आजार नाही तर कामाच्या न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय आणि तीन खुणा दिल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि हातून नीट काही होत नाहीये ही भावना. दोन दिवस झोप काढून ताजंतवानं वाटलं तर बहुतेक थकवाच होता. पण सुट्टीनंतरही चांगल्या कस्टमरचा फोन बघून चिडचिड होत असेल तर अजून सुट्टी घेऊन भागणार नाही, कामाची रचना बदलावी लागेल. थकवा जातच नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा, थायरॉइडचा त्रास किंवा अंगात रक्त कमी असलं तरी असंच गळून जायला होतं.

शेवटचं, कुणालाच नाही न म्हणणं. महिनाभर प्रत्येक कस्टमरमागे किती तास जातात आणि हातात किती उरतं ते वहीत मांडा. मी मांडलं तेव्हा सगळ्यात जास्त फोन करणारा कस्टमर नफ्यात शेवटून दुसरा निघाला, आणि त्याच्यासाठी मी रविवारीही दुकान उघडत होतो!